क्वेर्सेटिन प्रथिनाला चिकटतं हे मान्य, पण पेशी त्यामुळेच मेल्या का?

प्रश्न थोडक्यात असा. एका संशोधक विद्यार्थ्याने क्वेर्सेटिन (कांदा-सफरचंदात असणारं एक फ्लॅवोनॉइड, म्हणजे वनस्पतींतल्या पॉलिफेनॉलच्या कुळातला रेणू) घेऊन तीन प्रयोग केले. संगणकावर ते एका कायनेजच्या (इतर रेणूंवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमच्या) खाचेत, जिथे एटीपी हा पेशीचा ऊर्जारेणू बसतो तिथे, बसवून पाहिलं (याला डॉकिंग म्हणतात), तेव्हा डॉकिंगचा स्कोअर उणे ८.९ किलोकॅलरी प्रति मोल आला. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचा फ्लुओरेसन्स (चमक) कसा घटतो ते मोजून बंधस्थिरांक (बंधन किती घट्ट त्याचा आकडा) काढला, तो साधारण एक लाख प्रति मोलर आला. आणि कर्करोगाच्या पेशींना ५० मायक्रोमोलर दिल्यावर ४८ तासांनी एमटीटीचं (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या रसायनाचं) रीडिंग निम्म्यावर आलं. ‘क्वेर्सेटिन या कायनेजला बांधलं जातं आणि त्यामुळे पेशी मरतात, असं प्रबंधात लिहू का? गाइड हो म्हणतात, पण परीक्षक अडवतील अशी धास्ती वाटते.’

धास्ती रास्त आहे. गेली वीसेक वर्षं मी प्रथिनं आणि छोटे रेणू यांच्या बंधनावरच काम करतो, आणि परीक्षक म्हणून बसलो तर इथेच अडवेन. तुमचे प्रयोग वाईट नाहीत. अडचण अशी की तुमच्याकडे साक्षीदार तीन आहेत, पण तिघांनी तीन वेगळ्या घटना पाहिल्यात. डॉकिंग कायनेजबद्दल बोलतंय, फ्लुओरेसन्स अल्ब्युमिनबद्दल आणि एमटीटी पेशींबद्दल. या तिघांना जोडणारं ‘त्यामुळे’ हे तुम्ही घातलंय, प्रयोगाने नाही. फ्लॅवोनॉइडच्या बाबतीत हा शब्द फारच महाग पडतो, कारण हे रेणू जवळजवळ कशालाही चिकटतात.

का चिकटतात ते आधी पाहू. क्वेर्सेटिन म्हणजे दोन बेंझिनची कडी आणि त्यांना जोडणारं मधलं ऑक्सिजनवालं कडं. मधल्या कड्यात दुहेरी बंध असल्यामुळे सगळा सांगाडा जवळपास सपाट, बिस्किटासारखा. कडेने पाच हायड्रॉक्सिल आणि एक कार्बोनिल. म्हणजे पोटाकडून पाणी नको असलेला आणि कडेकडून हायड्रोजन बंधांसाठी हात पसरलेला रेणू. प्रथिनात कुठेही अरुंद, तेलकट खाच दिसली की हा आत सरकतो. कायनेजमधली एटीपीची खाच अगदी याच मापाची असते, कारण तिथे ॲडेनिनचा सपाट भाग बसायचा असतो. कॅटेचिन कुळात मधलं कडं सपाट नसतं, दुहेरी बंधही नसतो. ते खाचेत कमी सरकतात आणि प्रथिनाच्या पृष्ठभागाला जास्त बिलगतात. दाट कोऱ्या चहाने जीभ तुरट, खरखरीत होते ती त्यामुळेच. लाळेतल्या प्रोलिनने भरलेल्या प्रथिनांना चहातली पॉलिफेनॉल धरतात, प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. तुरटपणा ही खरं तर चव नव्हेच, ते घर्षण आहे. फ्लॅवोनॉइड आणि प्रथिन यांचं बंधन आपल्याला तोंडात जाणवतं ते असं.

आता तुमचे आकडे. उणे ८.९ हा स्कोअर शब्दशः घेतला तर वियोजन स्थिरांक (बंधस्थिरांकाचा व्यस्त; जितका लहान तितकं बंधन घट्ट) ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास येतो. तो शब्दशः घेऊ नका. क्वेर्सेटिन कुठल्याही बऱ्यापैकी खोल खाचेत टाकलं की उणे आठ-नऊ येतंच, मी गंमत म्हणून अगदी असंबद्ध प्रथिनांवर करून पाहिलंय. डॉकिंगने ‘बसू शकतं’ एवढंच कळतं. ‘बसतं’ हे कळत नाही आणि ‘बसल्याने काही बिघडतं’ हे तर नाहीच.

पण क्वेर्सेटिन कायनेजमध्ये बसतच नाही असंही समजू नका. पीआय-३-कायनेज गॅमाच्या एटीपी खाचेत बसलेल्या क्वेर्सेटिनची स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली. त्याआधी १९९४ मध्ये क्वेर्सेटिनचाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून एलवाय२९४००२ हा अवरोधक बनवला गेला होता. क्रोमोनचा सांगाडा ठेवला, हायड्रॉक्सिलची गर्दी काढली, एक मॉर्फोलिनचं कडं बसवलं. क्वेर्सेटिन ३.८ मायक्रोमोलरला कायनेजला जितकं अडवत होतं तितकं हा १.४ ला अडवू लागला. वर्षानुवर्षं लोकांनी तो ‘पीआय-३-कायनेजचा खास अवरोधक’ म्हणून वापरला आणि नंतर कळलं की तो केसीन कायनेज २ सारखी इतरही प्रथिनं पकडतो. हात छाटून नेमका केलेला रेणूसुद्धा एवढा भटकत असेल, तर मूळ क्वेर्सेटिनकडून एकनिष्ठेची अपेक्षा कशी करायची?

कायनेजबद्दल आणखी एक हिशेब करून ठेवा. परीक्षानळीत आपण एटीपी थोडं घालतो, पेशीत ते मिलिमोलरमध्ये असतं. समजा तुमच्या कायनेजला एटीपीसाठी मायकेलिस स्थिरांक (एन्झाइम निम्म्या कमाल वेगाने चालतं ती मात्रा) २० मायक्रोमोलर आहे आणि पेशीत एटीपी २ मिलिमोलर. दोघं एकाच खाचेसाठी भांडत असतील तर निम्मं काम थांबवायला लागणारी मात्रा मूळ बंधाच्या आकड्याच्या १०१ पट होते. ०.३ मायक्रोमोलरचे ३० होतात. म्हणून नळीतला सुंदर आकडा पेशीत नेताना तो किती एटीपीसमोर मिळाला ते लिहिणं भाग आहे.

फ्लुओरेसन्सच्या प्रयोगावर जरा रेंगाळतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सात जणांची चूक इथे असते आणि मीही ती केली आहे.

अल्ब्युमिनला २९५ नॅनोमीटरवर उत्तेजित केलं की त्यातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ३४०-३५० च्या आसपास चमकतं. मानवी अल्ब्युमिनमध्ये तो एकच असतो, २१४ क्रमांकाचा, आणि तोही वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध जिथे बसतं त्या खाचेच्या शेजारी. बोव्हाइनमध्ये दोन असतात. क्वेर्सेटिन घालत गेलं की चमक घटते. आपण आनंदाने म्हणतो, बांधलं गेलं. पण क्वेर्सेटिन स्वतः पिवळं आहे. ते ३७० च्या आसपास जोरात शोषतं आणि २९५ वरही बऱ्यापैकी शोषतं. म्हणजे जाणारा प्रकाश ते वाटेतच गिळतं आणि येणारी चमकही गिळतं. याला इनर फिल्टर म्हणतात. समजा एका टप्प्यावर उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषण ०.२ आहे आणि उत्सर्जनाच्या ०.३. दोन्हींची बेरीज अर्धी केली की ०.२५, आणि १० चा ०.२५ वा घात म्हणजे १.७८. म्हणजेच एक रेणूही बांधला गेला नसता तरी चमक ५६ टक्क्यांवर आली असती! ४४ टक्के घट फुकटात. ही दुरुस्ती तुम्ही केलीय का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. केली नसेल तर तो एक लाखाचा आकडा आधी बाजूला ठेवा.

यात एक छुपा सापळाही आहे. सगळे जण एक हिशेब मांडतात: स्टर्न-फोल्मरचा उतार (मात्रेनुसार चमक कशी घटते त्या आलेखाचा) एक लाख, ट्रिप्टोफॅनच्या चमकेचं आयुष्य ५ नॅनोसेकंद, भागाकार केला की २ गुणिले १० चा १३ वा घात. नुसत्या टकरींनी होणाऱ्या क्वेंचिंगची (चमक विझण्याची) कमाल मर्यादा २ गुणिले १० चा १० वा घात. हजारपट जास्त, म्हणून टक्कर नाही, पक्कं बंधन आहे. तर्क बरोबर आहे, पण इनर फिल्टरही असाच फुगलेला आकडा देतो. मग लोक फ्लुओरेसन्सचं आयुष्य मोजतात, ते बदलत नाही, आणि ‘बघा, स्थिर क्वेंचिंग’ (म्हणजे बंधनामुळेच विझलेली चमक) म्हणतात. इनर फिल्टरमध्येही आयुष्य बदलत नाही. दोन्ही पुरावे दोन्ही बाजूंनी साक्ष देतात.

मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग करायला लावतो. प्रथिनाऐवजी नुसतं एन-ॲसिटिल-ट्रिप्टोफॅनअमाइड (प्रथिनाविना सुटा ट्रिप्टोफॅन) घ्या, चमक प्रथिनाइतकीच राहील एवढं. त्यात क्वेर्सेटिनची तीच मालिका घाला. तिथेही तितकीच घट दिसली तर तुम्ही बंधन मोजत नव्हता, पिवळा रंग मोजत होता. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या मसुद्यात दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. तो मसुदा अजून कपाटात आहे. नवीन मुलांना दाखवायला बरा पडतो.

दुरुस्ती करूनही बहुधा बंधन दिसेल. क्वेर्सेटिन आणि अल्ब्युमिनचं बंधन खरंच आहे आणि ते एक लाखाच्या आसपास असणं अगदी शक्य आहे. क्युव्हेट उजेडात धरलीत तर अल्ब्युमिनमध्ये पिवळा रंग जरा गडद झालेला नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, कारण बांधलेल्या क्वेर्सेटिनची शोषणपट्टी लांब तरंगांकडे सरकते. पण या बंधनाचा अर्थ तुम्ही मांडताय त्याच्या उलट आहे. अल्ब्युमिन हे औषधाचं लक्ष्य नव्हे, ते गोदाम आहे. तिथे जितकं अडकेल तितकं पेशीला कमी मिळेल.

तुमच्याच आकड्यांनी करून दाखवतो. पेशी वाढवायच्या मीडियममध्ये १० टक्के सीरम असेल तर अल्ब्युमिन साधारण ३५ मायक्रोमोलर असतं. वियोजन स्थिरांक १० मायक्रोमोलर आणि एका रेणूवर एकच जागा धरली, तर ५० मायक्रोमोलर क्वेर्सेटिनपैकी २५ अडकतं, २५ मोकळं राहतं. मात्रा ५ वर आणलीत तर मोकळं फक्त १.२. दहापट मात्रा कमी केली आणि मोकळं क्वेर्सेटिन वीसपट घटलं. एका प्रयोगशाळेत ५ टक्के सीरम, दुसरीत १० टक्के, आणि मग दोघांचे आयसी-५० (निम्मा परिणाम करणाऱ्या मात्रा) जुळत नाहीत म्हणून भांडण. रक्तात तर अल्ब्युमिन ६०० मायक्रोमोलरच्या आसपास असतं. तिथे याच हिशेबाने मोकळं राहतं दीड-पावणेदोन टक्के.

आता पेशी. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात.

पहिली, एमटीटी हे मरण मोजत नाही. पेशी २४ तासांत दुप्पट होत असतील तर ४८ तासांत एकाच्या चार होतात. तुमचं रीडिंग निम्मं आलं म्हणजे चाराऐवजी दोन. एकही पेशी न मरता, नुसतं विभाजन मंदावूनही नेमकं हेच रीडिंग येईल. शून्य तासाची एक प्लेट बाजूला ठेवून मोजली असती तर लगेच कळलं असतं. शिवाय फ्लॅवोनॉइड स्वतःच एमटीटीचं क्षपण करतात, म्हणजे पेशीविनाच त्याला जांभळं करतात. पेशी न घालता नुसतं मीडियम, क्वेर्सेटिन आणि एमटीटी एका रांगेत ठेवा. दोन-तीन तासांनी प्लेटच्या त्या रिकाम्या वेलमध्ये (खळग्यात) जांभळा रंग चढलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका. त्याचा अर्थ तुमच्या खऱ्या वेलमध्ये जिवंत पेशींचा आकडा उगाच फुगलेला आहे. एमटीटी टाकण्याआधी मीडियम काढून पेशी धुतल्या तर हे बरंच कमी होतं. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून पेशी हाताने मोजणं जुनाट वाटतं, पण मी अजून त्यावरच जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी गोष्ट हायड्रोजन पेरॉक्साइड. बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० साली दाखवून दिलं की क्वेर्सेटिन, कॅटेचिन, ईजीसीजी (ग्रीन टीतलं एक कॅटेचिन) हे रेणू नेहमीच्या संवर्धन मीडियममध्ये टाकल्यावर आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि पेरॉक्साइड तयार होतं. पेशींचा त्यात काही हात नाही. सकाळी टाकलेलं लिंबासारखं पिवळं मीडियम संध्याकाळी मळकट तपकिरी दिसतं, तेव्हा हेच झालेलं असतं. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने, आणि श्रेय जातं कायनेजला. पडताळणी सोपी आहे: एका रांगेत कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) घाला. पेशी वाचल्या तर गुन्हेगार सापडला. तुमच्या मीडियममध्ये सोडियम पायरुव्हेट आहे का तेही बाटलीवर बघा. पायरुव्हेट पेरॉक्साइड खाऊन टाकतं, त्यामुळे त्याच नावाच्या दोन बाटल्यांमध्ये निकाल वेगळे येऊ शकतात. आमच्याकडे एकदा तीन महिने या एका गोष्टीपायी गेले. पुरवठादार तोच, नाव तेच, फक्त कॅटलॉग क्रमांकाचा शेवटचा आकडा वेगळा.

याच ऑक्सिडेशनची एक खरीखुरी जैविक बाजूही आहे, ती फेकून देऊ नका. क्वेर्सेटिनच्या एका कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल आहेत. ती जोडी ऑक्सिडाइज झाली की क्विनोन बनतं आणि ते प्रथिनांमधल्या सिस्टीनच्या गंधकाला कायमचं चिकटू शकतं. कीप-१ या प्रथिनाचे सिस्टीन असे डिवचले गेले की त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ-२ हे प्रथिन मोकळं होतं आणि पेशी बचावाची एन्झाइम बनवायला घेते. म्हणजे ज्याला आपण ‘ॲन्टिऑक्सिडंट’ म्हणून मिरवतो तो पेशीत बऱ्याचदा हलकीशी चिमटी काढून पेशीलाच जागं करतो. नळीत डीपीपीएचचा (ॲन्टिऑक्सिडंट चाचणीतल्या रंगीत रसायनाचा) रंग घालवणं आणि पेशीत हे घडणं यांचा आपसात फार संबंध नाही. ही बाजू तपासायची असेल तर केम्फेरॉल बरोबर घ्या. रचना जवळपास तीच, पण ती शेजारची जोडी नाही, एकच हायड्रॉक्सिल. क्वेर्सेटिनने जे होतं ते केम्फेरॉलनेही झालं तर क्विनोनची कथा बाद.

तिसरी गोष्ट गुठळ्यांची. क्वेर्सेटिन पाण्यात फार कमी विरघळतं. डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक पाण्यात पडला की सूक्ष्म कलिली गोळे होऊ शकतात. त्यांना प्रथिन लपेटून बसतं आणि एन्झाइम बंद पडल्यासारखं दिसतं. एन्झाइमच्या प्रयोगात ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं रसायन) घाला. अवरोध गायब झाला तर तो गुठळ्यांचा होता. (पेशींवर ट्रायटन घालू नका, हे सांगायला नको, पण एकाने घातलं होतं.)

आता मात्रेबद्दल. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि पेशी कोणत्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेशी आतड्याच्या अस्तराच्या असतील तर ५० मायक्रोमोलरचं समर्थन करता येतं, कारण आतड्याच्या पोकळीत एवढी मात्रा पोहोचू शकते. स्तन, फुप्फुस किंवा मेंदूच्या असतील तर कठीण आहे. आहारातून घेतल्यावर रक्तात क्वेर्सेटिनची एकूण मात्रा सहसा एक मायक्रोमोलरच्या आत-बाहेर असते, आणि तीही मूळ रूपात जवळपास नसतेच. आतड्यात आणि यकृतात त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल, सल्फेट, मेथिल असं काहीबाही जोडलं जातं. ग्लुक्युरॉनाइडवर ऋणभार असतो, आकारही मोठा, ते पेशीच्या पटलातून सहज आत जात नाही आणि एटीपीच्या खाचेत तर आणखी अवघडून बसतं. शक्य असेल तर क्वेर्सेटिन-३-ग्लुक्युरॉनाइड विकत घेऊन एक रांग त्याची लावा. परीक्षकाचा निम्मा प्रश्न तिथेच संपतो. तुमचा उद्देश ‘हा सांगाडा घेऊन पुढे औषध घडवायचं’ असा असेल तर मात्र आहारातली मात्रा गौण आहे. तेव्हा ५० मायक्रोमोलरला काय होतं हेही उपयोगाचं. फक्त प्रस्तावनेत फळं-भाज्यांचे फायदे लिहू नका.

संशयित आणि गुन्हेगार यांतला फरक दाखवणारं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९८९ मध्ये फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर अल्कोहोलचा परिणाम तपासताना अल्कोहोलची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला गेला, आणि गोळीची रक्तातली पातळी अनपेक्षितपणे चढली. रसात नॅरिन्जिन हे फ्लॅवोनॉइड भरपूर, तेव्हा संशय त्याच्यावर गेला. तर्कसंगत होतं, पण नुसतं नॅरिन्जिन देऊन तसा परिणाम मिळेना. आतड्यातलं सीवायपी-३ए-४ (औषधं मोडणारं एन्झाइम) निकामी करणारे मुख्य रेणू निघाले फ्युरॅनोकुमारिन, म्हणजे वेगळंच कुळ. वनस्पतीचा अर्क वापरणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लावावं.

उलट बाजूचं उदाहरण ईजीसीजीचं. नळीत ते अल्फा-सिन्युक्लीन या मेंदूतल्या प्रथिनाच्या गुंतवळ्याला निरुपद्रवी वळण देतं, हे काम देखणं आहे. पण मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या मेंदू झिजवणाऱ्या आजाराच्या रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली तेव्हा आजाराचा वेग काही कमी झाला नाही आणि काहींच्या यकृताला त्रास झाला. बंधन खरं होतं, नळीतला परिणामही खरा होता.

मग तुम्ही काय करावं? तुमच्याजवळ वेळ किती आहे त्यावर ठरेल. महिनाभर असेल तर कॅटलेजची रांग, पेशीविना एमटीटीची रांग, शून्य तासाची मोजणी आणि इनर फिल्टरची दुरुस्ती एवढं उरकतं, खर्चही फारसा नाही. सहा महिने असतील तर शुद्ध कायनेज घेऊन ट्रायटनसह आणि दोन वेगवेगळ्या एटीपी मात्रांवर अवरोध मोजा. मग पेशीत त्या कायनेजच्या थेट खालच्या प्रथिनाचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट चढणं) घटतं का ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) बघा, पण पहिल्या तासाभरातलं बघा. ४८ तासांनी मरणाऱ्या पेशीत सगळंच घटलेलं असतं, तो पुरावा होत नाही. सगळ्यात बळकट पुरावा हवा असेल तर क्वेर्सेटिन जिथे बसतं असं डॉकिंग म्हणतं तिथलं एक अमिनो आम्ल बदललेलं कायनेज पेशीत घाला, मात्र त्या बदलानंतरही ते नेहमीसारखं काम करतंय याची आधी खात्री करा. अशा पेशी क्वेर्सेटिनला दाद देईनाशा झाल्या तर ‘त्यामुळे’ बिनधास्त लिहा.

आज आहे तेवढ्यावर लिहायचं झालं तर मी असं लिहीन: ‘क्वेर्सेटिन या कायनेजच्या एटीपी खाचेत बसू शकेल असं डॉकिंग सुचवतं. ते सीरम अल्ब्युमिनला मायक्रोमोलर पातळीवर बांधलं जातं. ५० मायक्रोमोलर मात्रेत ४८ तासांनी पेशींचं एमटीटी क्षपण निम्म्यावर येतं. या निरीक्षणांमधला कार्यकारणसंबंध तपासलेला नाही.’ गाइडना शेवटचं वाक्य आवडणार नाही. त्यांना सांगा की परीक्षकाने ते विचारण्याआधी आपण लिहिलेलं बरं दिसतं.

पेशी कोणत्या, सीरम किती टक्के, पायरुव्हेट आहे की नाही आणि डीएमएसओतला स्टॉक किती जुना आहे, एवढं कळवलंत तर मात्रेबद्दल आणखी नेमकं सांगता येईल. स्टॉक तपकिरी पडला असेल तर तो आधी फेका आणि मग लिहा.